आप्पांच्या समाधीवरचा बेल

१३ सप्टेंबर, रविवार. उदगीर.

सकाळी शेतात फवारणी केली. आप्पांच्या समाधीभोवती हराळी फार माजली होती. वडिलांनी, म्हणजे आप्पांनीच, हयातभर शेतात तणनाशक येऊ दिलं नाही, म्हणून लवंगेचं आणि गवती चहाचं तेल साबणाच्या पाण्यात मिसळून मारलं. झाडपाल्याचंच तेल, त्यानं काय होणार?

दुपारपर्यंत हराळी करपली. बेलाचं रोपही करपलं. आप्पांना माती दिल्यावर आईनं, अव्वानं, स्वतःच्या हातानं लावलेलं. वारा होता, माझं लक्षच नव्हतं. पानांच्या कडा काळ्या पडल्यात.

हे तेल लागेल तेवढंच जाळतं, मुळाला धक्का लावत नाही, हे मला माहीत आहे.

खोड नखानं खरवडलं असतं तर कळलं असतं. आत हिरवं असेल तर जगेल. नख टेकवलं आणि मागं घेतलं. दवाखान्यात आप्पांची नाडी बघतानाही असंच झालं होतं.

घरी आलो तर अव्वा म्हणाली, "लवंगेचा वास यायलाय. दात दुखतो का रे?"

मी हो म्हणालो.

"उद्या सोमवार हाय. बेलाला पाणी घालायला मी बी येते. रोप जगलं म्हंजी आप्पा तिथं रमले बघ."

काय सांगू तिला? त्या काळ्या कडा तिला लांबूनच दिसतील.

अव्वा भजनाला गेल्यावर हात पुन्हा धुतले. वास जात नाही. एकटाच जेवायला बसलो. समोर कुणी नव्हतं, तरी एकाच बाजूनं चावत राहिलो.