गल्लीची जुनी रीत

प्रिय दुर्वा,

फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू लगेच 'आई, पुन्हा संशय?' म्हणून हसतेस आणि माझं अर्धं बोलणं तिथंच राहतं. म्हणून हे पत्र. मधेच ठेवून देऊ नकोस.

अक्षय तृतीयेनंतरचा रविवार परवाच झाला. त्या दिवशी आपल्या गल्लीत कडू घास असतो, हे मी तुला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं आणि तू नुसतं 'हं' म्हणाली होतीस. कोरोनात ज्या घरातलं माणूस गेलं, तिथं त्या दिवशी चूल पेटू द्यायची नाही. शेजाऱ्यांनी साधं, बिनफोडणीचं जेवण आणायचं आणि पहिला घास समोर बसून भरवायचा. तेव्हा भरवायला कुणी येऊ शकलं नाही, त्याची ही भरपाई म्हणे. मला यात सुरुवातीपासून काळंबेरं वाटत आलंय. आपल्या या नेपियर टाउन वस्तीतली ही बहुतेक हिंदी मंडळी, यांना आपला कडू घास सुचला कुठून?

यंदा मी छडा लावायचाच ठरवला. गल्लीत सगळ्यांत वडील म्हणून भय्यासाहेबांना विचारलं, तर म्हणाले, 'भाभीजी, ये तो प्लेग के ज़माने से चला आ रहा है, हमारे दादाजी बताते थे.' लग्न होऊन या गल्लीत आले त्याला तीस वर्षं होऊन गेली, मला कधी दिसलं नाही ते. मग मागच्या घरातल्या चंपाबाईला गाठलं. ती म्हणे, 'मले काहून विचारता वहिनी? सगळे करून राहिले म्हणून मी बी करून राहिली.' पाच वर्षांत रीत जुनी झाली आणि तिला आजोबासुद्धा मिळाले.

वर यंदा भय्यासाहेबांनी छोटंसं भाषणही केलं. उस वक़्त पूरी गली एक साथ खड़ी थी, म्हणाले, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मान हलवली नाही. तुझ्या बाबांना श्वास घेता येईना, फाटकाशी ऑटो उभी होती आणि मी हाका मारत होते, तेव्हा खिडक्या लागल्याचे आवाज मी ऐकलेत. समोरच्या आलोकने दार उघडलं, पाहिलं आणि परत लावलं. ऑटोवाला आणि मी, दोघांनी मिळून बाबांना आत बसवलं. तू पुण्यात होतीस. येऊ नकोस असं मीच म्हणाले होते आणि तू आली नाहीस, तेही मला लागलं. दोन्ही खरं आहे.

बाकीच्यांच्या हातचा घास मी घेते, पण आलोकची बायको एकता आली की ताट दारातच घेते. ती 'ठीक है आंटीजी' म्हणून जाते आणि ताट कोपऱ्यावरच्या गाईला जातं. मन खात असेल यांचं, म्हणून आणतात, असं मी धरून चालले होते. यंदा ती गाय महापालिकेच्या गाडीने नेलेली. अन्न टाकवेना, म्हणून ताट घरात आणलं आणि झाकण काढलं. वरण, भाकरी आणि कडेला चिमूटभर जवसाची चटणी. कडू घासात कुणी चटणी वाढतं का? बोटाने चाखली, तर लसूण सालासकट कुटलेला. तसा तो आपल्याच घरात कुटतात, कारण बाबांना सोलायचा धीर नव्हता.

तशीच उठून समोर गेले. एकता रडायलाच लागली. 'दीदी ने कसम दी थी, आंटीजी.' दरवर्षी तू पुण्याहून फोन लावून बसतेस म्हणे, चटणी सांगण्यापासून तिची भाकरी फुगेपर्यंत. पहिल्या वर्षी तू तिला विनवलंस, 'मी पोचू शकले नव्हते, आईला कुणीतरी एक घास भरवा.' तिने शेजारी सांगितलं, शेजारणीने पुढच्या घरी. अशी ही प्लेगच्या जमान्यातली रीत. भय्यासाहेबांना मी अजून काही बोलले नाही. आलोकला त्या दिवशी ताप होता, म्हणून त्याने दार लावलं, असंही एकता म्हणाली. ते मला पुरतं पटलेलं नाही, पण उद्या त्याच्याकडे चहाला जाणार आहे.

एवढं सगळं लिहिलं ते एका प्रश्नासाठी. घरी येऊन ताट पुढ्यात घेतलं आणि घास उचलणार, तेवढ्यात मनात आलं, दुर्वाला कुणी भरवला? माझा नवरा गेला, तसा तुझा बापही गेला होता. त्या परक्या गावात, बंद खोलीत तू एकटी होतीस आणि इतकी वर्षं मी फक्त माझ्या दारात कोण आलं, कोण नाही, एवढंच धरून बसले. तेव्हा येऊ नकोस म्हणाले होते, आता ये म्हणते. चटणी डब्यात जपून ठेवली आहे, ती टिकते. वरण-भाकरी मी करीन. तू नुसती समोर बस, तुझा कडू घास राहिलाय.

वाट बघणारी, तुझीच
आई