तोंड दाव

८ जुलै, मंगळवार
बी.पी. १४०/८०. डॉक्टरनं रोज लिहायला सांगितलंय. आकडा लिहून बाकी पान मोकळं राहतं, म्हणून खाली थोडं लिहितो. सहावी शिकलेल्याला तेवढं बास.

सकाळी दहाला आक्का. रोजच्यासारखी गावाकडनं टॅबवर. गेले आठ दिवस तिच्या टॅबवर मधीच एक पाटी येती, ती जाईस्तोवर तिला माझं निम्मंच तोंड दिसतं, ओठ तेवढे खाली उरत्यात. माझ्या टॅबवरबी तीच येती, अपडेट करा म्हणती. मी ‘नंतर’ दाबतो आणि सोडतो. आक्काला वाचता येत न्हाई. भाचसून सुरेखा शेतात गेलेली.
आक्का म्हणली, “बाळू, दोन डबडी हायत. एक निळं, एक पांढरं. कंचं दाबू?”
रोज रोज तेच. मला वैताग आला. म्हणलं निळं दाब, हो म्हण आणि मोकळी हो.
तिनं माझ्या ओठावरचं वाचलं आणि दाबलं. फोन बंद.

९ जुलै, बुधवार
आक्का आली न्हाई. सुरेखा म्हणती, टॅबमधी दुपारपर्यंत काहीतरी भरत होतं. आता चालू झालाय पण लई जड चालतोय.
होईल सरळ.

१० जुलै, गुरुवार
न्हाई झाला. आक्काला मी तुटक दिसतोय. तोंड उघडलं की उघडंच राहतं, मग एकदम पाच शब्द पुढं. आवाज बरोबर जातोय म्हणे. आवाजाचं आक्काला काय करायचंय.

सातव्या वर्षी तापात तिचे कान गेले. बोलते सगळं, मोठ्यानं आणि सपाट. ऐकते डोळ्यांनी. मी तिच्या पाठचा, बोलायला शिकलो तेच तिच्याकडं बघून. “तोंड दाव, मग बोल,” हे तिचं लहानपणापासनं. मी चौदाव्या वर्षी मद्रासला आलो, साहुकारपेठेत गलाईच्या दुकानात सोनं गाळायला. फोन आले, मोबाईल आले, तिला काय उपयोग. वर्षातनं एकदा जत्रेला जायचो तेवढंच बोलणं. बाकी वर्षभर मुकं.

आठ वर्षांमागं पोरानं, विजयनं, दोन टॅब घेतले. एक मला, एक तिला. पहिल्याच दिवशी म्हणली, “मिशीत शब्द अडकत्यात तुझे.” दुसऱ्या दिवशी मिशी काढली. तवा अजून दुकानात जात होतो. सगळे आपल्याकडचेच, कामं टाकून उठले. कोण गेलं, कोण गेलं. म्हणलं कोणी न्हाई, आक्काला बोलायचंय.

कवळीबी तिच्यासाठीच घालतो. जेवायला लागत न्हाई, टोचते. पण दात नसले की तिला ‘त’ आणि ‘द’ दिसत न्हाई.

१४ जुलै, सोमवार
बी.पी. बरं.
आज आक्का हसत होती. “लई थांबून थांबून बोलायला लागलास. खोटं बोलतोस का काय?”
म्हणलं, टॅब जुना झाला.
“आँ?”
टॅब. जुना.
“डब्बा उणा?”
सोडून दिलं. पूर्वी अर्धा तास पुरायचा न्हाई. आज दहा मिनिटांत दोघंबी दमलो.

१५ जुलै, मंगळवार
वेलचेरी स्टेशनच्या खालच्या मोबाईलवाल्याकडं गेलो. माझा टॅब दावला, म्हणलं याचाच जोडीदार गावाला हाय, अपडेट केला आणि बसला. त्यानं मागं वळवून बघितला. “तात्ता, रोंब पळसु.” लई जुना. नवीन ओझं त्याला उचलत न्हाई.
म्हणलं ओझं काढ, पहिल्यासारखा कर.
म्हणला तसं होत न्हाई. तुमचा तरी अपडेट करू नका.
मुशीत घातलेला दागिना परत दागिना होत न्हाई हे मला ठाऊक हाय. पन्नास वर्षं तेच केलं. पण तिथं निदान सोनं तरी हाताला लागतं.

१७ जुलै, गुरुवार
इकडचा आडी महिना लागला. गल्लीतल्या अम्मन देवीच्या देवळावर सकाळपासनं भोंगा. माझंच मला ऐकू येईना. आक्काला काय फरक.

आज ती हसली न्हाई. माझं तोंड निरखत बसली. मग म्हणली, “डावा हात वर कर.”
केला.
“कर की रं.”
केलाय की.
“बाळू, हात वर कर.”
दोन्ही केले. तिनं पदर तोंडाला लावला. सुरेखानं येऊन फोन बंद केला.
काय झालं कळलं न्हाई.

१८ जुलै, शुक्रवार
कळलं.
सुरेखाचा फोन आला. “मामा, आत्या म्हणत्यात तुमच्या अंगावरनं वारा गेलाय. तोंड वाकडं होऊन थांबतंय, हात उचलत न्हाई, आम्ही सगळे लपवतोय.”
म्हणलं तिला सांग, टॅबचा दोष हाय.
“सांगितलं. पाच येळा. म्हणत्यात, अण्णांच्या येळीबी असंच सांगितलं हुतं.”

सांगितलं होतं. मीच.
आमच्या वडलांना, अण्णांना, वारा गेला तवा आक्काला सातवा महिना. घरात ठरलं की तिला सांगायचं न्हाई. ती बघायला आली, अण्णांचं तोंड डावीकडं उतरलेलं. तिनं माझ्याकडं बघितलं. दुसऱ्या कोणाच्या ओठावर तिचा भरवसा नव्हता, माझ्यावर होता. मी तिच्यापुढं बसून, सावकाश, एकेक अक्षर स्पष्ट करून म्हणलं, दाढ सुजलीया. ती बरं म्हणली आणि सासरी गेली. आठव्या दिवशी अण्णा गेले. तिला तोंड बघायला मिळालं न्हाई.
त्यावर ती मला कधी काही बोलली न्हाई. इतक्या वर्षांत एकदाबी.

२० जुलै, रविवार
विजय घरी. त्याच्या फोनवरनं केलं, काही उपयोग न्हाई, खोट तिकडच्या टॅबात. सुरेखाच्या मोबाईलवर केलं. बारकं चित्र. आक्काच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तिला बोटाएवढा डाग दिसला. डाग बघून जास्तच रडली.
विजय म्हणला, “आप्पा, नवीन मागवतो, दोन दिवसांत पोचेल.”
म्हणलं नवीन नको. नवीन म्हणजे परत नवीन पाट्या. माझाच पाठव. चांगला चालतोय, तिच्या हातातल्यासारखाच हाय, बटणं तिथंच हायत. मी इथं तुझ्या फोनवर भागवीन.
उद्या कुरिअर. सुरेखाला बजावलं, निळ्याला हात लावू नको.

२१ जुलै, सोमवार
टॅब पुसून दिला. काचेवर खालच्या कोपऱ्यात माझ्या अंगठ्याचा डाग पडलाय, जात न्हाई. राहू दे म्हणलं.
दहा वाजता उगाच खुर्चीत जाऊन बसलो. कवळी घालून.

२५ जुलै, शुक्रवार
टॅब पोचला. सुरेखानं लावला. “मामा, एकदम झ्याक दिसताय. पापणीसुद्धा दिसतीय.”
म्हणलं आक्काला दे.
तिनं आक्कापुढं धरला. आक्का डोळं मिटून बसली. सुरेखानं खांदा हलवला, दंडाला धरलं. घट्ट मिटलेले. म्हणली, “न्हाई बघायचं मला. अण्णांचं बघितलं तेवढं बास झालं.”
मी ओरडत होतो. कशाला ओरडत होतो कोण जाणे.
बहिऱ्या माणसानं डोळं मिटले की त्याच्यापर्यंत जायला वाटच न्हाई. हाक न्हाई, चिठ्ठी न्हाई. अर्धा तास तिचं मिटलेलं तोंड बघितलं. स्वच्छ दिसत होतं, एकेक सुरकुती.

२८ जुलै, सोमवार
बी.पी. १६०/९०. दाढी केली न्हाई तीन दिवस. कोणाला दावायचीय.
उद्या नागपंचमी. आज बायकांचा भावाचा उपवास. आक्का दरसाल धरती. दरसाल पंचमीच्या सकाळी टॅबपुढं बसून पहिला घास मला दावती. “बघ, तुझ्या नावानं उपाशी हुते,” म्हणती आणि पुरणाचं दिंड खाती. मी म्हणतो, उपकार केलेस.

२९ जुलै, मंगळवार
दहाला विजयच्या फोनवरनं केलं. तो कामावर उशिरा गेला माझ्यासाठी. सुरेखानं उचललं. आक्का भिंतीकडं तोंड करून पडलेली.
दिंडं केली होती सुरेखानं. ताट तसंच.

३१ जुलै, गुरुवार
उपवास सोडला न्हाई तिनं. चहा आणि एखादं केळ, बास. सुरेखानं विचारलं कवा सोडणार. “त्याचं तोंड सरळ हुईस्तोवर.”
अठ्ठ्याहत्तर वय. डॉक्टरला घरी आणला, त्यानं सलाईन लावली. ती तिनं काढली.
सुरेखा फोनवर रडली. “मामा, माझं ऐकत न्हाईत. उठून बसायलाबी आता धरायला लागतंय.”

ती उपाशी कोणासाठी? मला काही झालेलं न्हाई. धडधाकट बसलोय इथं, तीन इडल्या खाऊन.

१ ऑगस्ट, शुक्रवार
म्हणलं मी जातो.
विजय: “आप्पा, स्टेंट बसवून आठ महिने झाल्यात. वीस तासांचा प्रवास, त्यात एस.टी. डॉक्टर न्हाई म्हणलाय. सप्टेंबरात मी घेऊन जातो.”
म्हणलं सप्टेंबरात कुणाकडं नेतोस?
तो मग म्हणला, “मी जातो उद्या. मी समजावतो अत्तेला.”
तुझं तोंड तिला वाचता येत न्हाई. तू बोलतोस ते अर्धं तमिळ ओठांनी. आणि तुझं काम नव्हे ते.
चिडून उठला. ताट टाकलं न्हाई, पण सांबार घेतलं न्हाई. माझंच पोरगं.

२ ऑगस्ट, शनिवार
नात नीतू येऊन म्हणली, “आजोबा, मिशी सूपर. फर्स्ट टाइम बघते मी.” खरंच, तिला कळायला लागलं तवापासनं मी असाच. आरशात बघितलं. पांढरी खुंटं. ओठ दिसेना.
नीतूला म्हणलं, तिकीट काढायला येतं का तुला?
“अप्पाला सांगितलंस?” अप्पा म्हणजे विजय, तिचा बाप.
सांगितलं.
“ओके म्हणाला?”
न्हाई.
सोमवारी सांगते म्हणली.

४ ऑगस्ट, सोमवार
तिकीट काढलं. उद्याचं. सोलापूरपर्यंत, पुढं विट्याची एस.टी. काढलं विजयनंच. खालचा बर्थ. गोळ्यांच्या पुड्या करून त्यावर सकाळ, रात्र लिहीत बसला.

संध्याकाळी न्हाव्याकडं गेलो. दाढी कर म्हणलं, मिशीबी काढ. त्याचा हात थांबला. इकडंबी तोच रिवाज. हळू आवाजात विचारलं, “यारु, अय्या?” कोण गेलं.
म्हणलं, यारुम इल्ले. कोणी न्हाई.
विश्वास बसला नसावा. वस्तरा मात्र लई हलका फिरवला.

५ ऑगस्ट, मंगळवार
सेंट्रल. गाडी लागलीय. विजय पाण्याची बाटली आणायला गेलाय. नको म्हणलं तरी सोलापूरपर्यंत येणार म्हणतोय, पिशवी घेऊनच आलाय. येऊ दे.

सुरेखाचा फोन. आक्का तशीच, भिंतीकडं तोंड. काल रात्री केळबी न्हाई. “मामा, तुम्ही येताय म्हणून सांगू का त्यांना?”
म्हणलं नको सांगू. म्हणेल खोटं सांगताय.
“मग?”
मी येतो, मागनं खांद्याला हात लावतो. माझा हात तिला ठाऊक हाय.
“आणि डोळं उघडलंच न्हाईत तर?”
फोन ठेवला.

तिच्यापुढं बसेन, आणि आधी अण्णांच्या दाढेचं सांगीन. ते अजून सांगायचं राहिलंय. मग बाकीचं.
कवळी डब्यात ठेवलीय. डबा खिशात. विट्याच्या अलीकडं घालीन.