इतर आवक

आबा, तुम्हाला जाऊन तेवीस वर्षं झाली आणि तुमची माफी मागायची अजून राहिलीच आहे. आठवण नव्हती असं नाही, जीभच रेटली नाही. काल ऑफिसच्या कामाला प्रयाग चिखलीला, पंचगंगेच्या नद्या मिळतात त्या संगमावर गेले होते. तिथं जे बघितलं, त्यानंतर गप्प बसवेना.

स्टेशनवरची तुमची रिक्षा आठवते. रेल्वे कोल्हापूरला येऊन संपते, पुढं रूळच नाहीत, याचा तुम्हाला कोण अभिमान! उतरलेल्या माणसाला सांगायचात, "पावणं, हितनं फुडं गाडी न्हाय. हितंच उतराय लागतंय." मग गाव समुद्रापेक्षा अठराशे फूट उंच, मग गुळाचा बाजार, आणि रिक्षा नदीकाठाला लागली की आवाज चढायचा. "पंचगंगा म्हंजे पाच नद्या बघा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, सरस्वती. पाच भैनी!" परगावचा माणूस मान डोलवायचा. मी नववीत गेल्यापासून मला मात्र या भाषणाची लाज वाटायला लागली होती.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर तुमच्या शेजारी पुढं अंग चोरून बसलेय. मागं पुण्याचे दोन पावणे, कडक इस्त्रीतले. तुम्ही पाचवं नाव घेता आणि मी फटकन बोलते, "काय बी सांगू नका, आबा. चारच हाईत. सरस्वती कुणी बघितलीय? मी भूगोलात शिकलो की." आपल्याकडं पोरीही 'शिकलो'च म्हणतात, त्याचंही पावण्यांना हसू आलं. एक जण म्हणाला, "मुलगी हुशार आहे हो तुमची." तुम्ही म्हणालात, "व्हय, लई हुशार हाय," आणि गिअर टाकलात. घरी आईला हसत सांगितलंत, "पोरीनं आज माझी परीक्षा घेतली." पण त्यानंतर मी रिक्षात असले की गावाविषयी तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत.

पाटबंधारे खात्यात लागले तेव्हा तुम्ही नव्हता. माझं काम पाण्याच्या हिशेबाचं. चारी नद्यांचं मोजलेलं पाणी मांडायचं आणि खाली बंधाऱ्यावर आलेल्या पाण्याशी ताडून बघायचं. पहिल्याच वर्षी बेरीज जुळेना. खाली जास्तच पाणी! माझंच चुकलं म्हणून तीनदा केली. शेवटी साहेबांकडं गेले. ते चहा फुंकत म्हणाले, "बाई, ओढं हाईत, झरं हाईत, रानातनं झिरपतंय. ते कोण मोजत बसतंय? लिवा 'इतर आवक' आनि व्हा मोकळ्या." तेव्हापासून मी मुकाट्यानं 'इतर आवक' लिहीत आले.

काल पात्राच्या कडेला खडकावर उभी होते. दिवाळी होऊन महिना झाला, आभाळात ढगाचा ठिपका नाही. पायाजवळच्या फटीतनं बोटाएवढी धार येत होती. हात लावला तर गार! वर ना ओढा, ना पाट. दहा पावलांवर दुसरी धार, पुढं काठाची सगळी मातीच ओली, पाझरणारी. आईशप्पथ आबा! आख्खं गाव हे पाणी पितं, कोसावारी ऊस यावर उभा आहे, आणि त्यातला एक वाटा असा जमिनीखालनं नाव न सांगता येऊन मिसळतोय. वीस वर्षं मी तुमच्या सरस्वतीलाच 'इतर आवक' म्हणत होते की हो! ज्यांनी कुणी पहिल्यांदा पाच मोजल्या, त्यांनी न दिसणारं पाणीही धरलं होतं. मी तिथंच वाकून एकेक धार बघत होते. बरोबर आलेला शिपाई म्हणाला, "मॅडम, काय पडलं काय पाण्यात?"

इथवर लिहून वाटलं, झाली माफी मागून. पण ही माफी सोपी आहे, नदीपुरती आहे. खरं सांगू? त्या दिवशी मला नदीचं काही पडलं नव्हतं. चार असोत की चाळीस! मागच्या इस्त्रीवाल्यांना कळायला पाहिजे होतं, की ही नुसती रिक्षावाल्याची पोरगी नव्हे. आणि ते तुम्हाला तिथल्या तिथं कळलं होतं. 'लई हुशार' म्हणताना तुम्ही माझ्याकडं बघितलं नाहीत. हे पत्र कुठं टाकायचं, हा प्रश्नच नाही. तुम्ही असता, तर मला ते लिहायचं धाडसच झालं नसतं.