झुमरी आली का?

९ मार्च ८६, रविवार. लातूर

'सोनघाटी'चा दुसरा भाग पाहिला. मॅटिनी. ऑफिसातला शिवलिंग तिकिटं काढूनच खोलीवर आला. उदगीरचा माणूस, नाही म्हटलं तर आठ दिवस तोंड फुगवून बसतो. गेलो. अक्काशिवाय गेलो.

पहिला भाग आम्ही बहीणभावानं नांदेडला पाहिला होता, मामाकडे शिकायला होतो तेव्हा. ती नववीत, मी सातवीत. थेटरातून बाहेर पडल्या पडल्या तिनं ठरवून टाकलं, दुसरा भाग निघाला तर दोघांनी मिळूनच बघायचा. त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, चाकूरकडं दिली. तिची शाळा सुटली. माझी चालू राहिली.

पिक्चर टुकार. पहिल्यात काय होतं? एक दरी, एक दोरखंडाचा पूल आणि खेचरं हाकणारी झुमरी. शेवटी सगळे पूल ओलांडतात, ती मागे राहते, डाकू जवळ आलेले. ती आपल्या बाजूनं दोर तोडते आणि पलीकडून ओरडते, "तुम चलो, मैं दूसरे रास्ते से आती हूँ." हीरो एकदा वळून बघतो आणि चालायला लागतो. संपलं. अक्का घरी येईपर्यंत मागं वळून बघत होती.

दुसऱ्यात हीरोचं पोट सुटलंय. दरी सरळ सरळ पुठ्ठ्याची. हेलिकॉप्टर, बर्फ, नवीन हिरॉइन, पाच गाणी. आणि झुमरी? सुरुवातीलाच भिंतीवर तिचा फोटो, फोटोला हार. हीरो म्हणतो, "वो तो कब की मर गई." पुढच्या मिनिटाला नाचतोय.

शिवलिंग खूश. अक्काला सांगायचं कसं

१० मार्च, सोमवार

टंचाई शाखेत दिवसभर टँकरच्या फायली. जिल्हा नवा झाल्यापासून टेबलं आली, कपाटं आली, पाणी काही आलं नाही. दुपारी डबा खाताना शिवलिंगशी वाद. तो म्हणे भाग दोन सरस, "पयल्यात काय होतं बे? नुसता दोर. ह्यात दोन हेलिकॉप्टर हाईत." मी म्हटलं, पहिल्यात माणूस मागं राहिलं होतं. त्यावर तो म्हणे, मग राहू दे की, तुझी कोण लागती ती?

उत्तर होतं, पण ते डब्यावर बसून सांगण्यासारखं नव्हतं.

१६ मार्च, रविवार. अक्काचं गाव

लिहायलाही लाज वाटते, पण लिहितो.

अक्का घरी नव्हती. दाजी म्हणाले, टँकरच्या लायनीत असंल, जा तिकडंच. गेलो तर पाराजवळ घागरींची एकच ओळ. आधी पाहिलं होतं तेव्हा दोन असायच्या. वरच्या आळीची पुढं, आमच्या भीमनगरची वेगळी, शेवटी, उरलं तर पाणी. आता एकच, आणि अक्काची घागर जवळजवळ मधोमध.

कारण कळलं तेव्हा हसू आलं. टँकरची वेळ ठरलेली नाही, बायका तासन्‌तास बसून असतात. वेळ जावा म्हणून अक्कानं आपल्या बायकांना 'सोनघाटी' सांगायला घेतली, रोज थोडी थोडी. वरच्या आळीला अर्धंमुर्धं ऐकू जायचं. शेवटी पाटलाची धाकटी सूनच म्हणाली, अक्काला पुढं घ्या, इथनं ऐकू येईना. अक्का पुढं गेली तसं तिच्या मागनं सगळं भीमनगर पुढं सरकलं. जे अर्ज करून झालं नव्हतं ते असं झालं.

मी पोचलो तेव्हा गोष्ट दोर तोडण्यापाशी आली होती. अक्का सांगते त्या दरीला तळच नाही. मला वाटतं पिक्चरमध्येही एवढी खोल नव्हती.

मग पाटलाची सून मला बघून अक्काला म्हणाली, दुसरा भाग लातुरात लागलाय म्हणे, तुमच्या भावानं बघितला असंल. अक्का लगेच म्हणाली, "न्हाई. माझ्याबिगर बघणार न्हाई त्यो."

तिथंच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, बघितला नाही, पण ऑफिसातल्या एकानं स्टोरी सांगितलीय. हे पहिलं खोटं.

अक्कानं बाकी काहीच विचारलं नाही. हीरो नाही, खजिना नाही. घागरीच्या काठावर हात ठेवून म्हणाली, "झुमरी आली का?"

सगळ्या बायका माझ्याकडं बघत होत्या.

"आली," मी म्हणालो.

१९ मार्च, बुधवार. लातूर

'आली' म्हटल्यावर कशी आली तेही सांगावं लागणार. त्या दिवशी टँकर आला म्हणून सुटलो. रविवारी पुढचं सांगायचंय. ऑफिसात बसून झुमरीला दरीतून वर काढतोय. एका फाईलवर टँकरच्या खेपेऐवजी भलतंच लिहिलं, खोडावं लागलं.

खरं तर मजाही येते आहे, आणि त्याचीच जास्त टोचणी.

२३ मार्च, रविवार. गाव

सांगितलं. दरीत नदी, नदीला होडी, झुमरी होडीतून निसटते आणि दुसऱ्या दिवशी हीरोला गाठते. माझ्या मते बरं जमलं होतं. अक्कानं चूल फुंकता फुंकता ऐकलं आणि मान हलवली.

"इतकं सोपं कसं येईल ती? होडी कुणी ठिवली तिथं?"

मी म्हटलं, पिक्चरमध्ये तसंच आहे. (तिसरं खोटं.)

संध्याकाळी लायनीत तिनं माझी होडी काढूनच टाकली. तिची झुमरी चालत येते. रस्ता ठाऊक नाही, वाटेत गावं लागतात, कुणी पाणी देतं, कुणी दारातून हाकलतं, एका गावात ती राहून मोलमजुरी करते, पण निघायचं विसरत नाही. पाटलाची सून पदरानं डोळे पुसत होती. मी पाराच्या मागं उभा राहून ऐकलं. पहिल्या भागाला शोभणारा दुसरा भाग तो होता. कंपनीवाल्यांनाही जमला नाही आणि मलाही.

परतताना अक्कानं एसटीत खिडकीतून भाकरी दिल्या. म्हणाली, त्या तुझ्या ऑफिसवाल्याला माझा जय भीम सांग, लई चांगली स्टोरी सांगितली त्यानं. शि.ला काय सांगू, कपाळ.

३० मार्च, रविवार. गाव

व्हायचं तेच झालं.

जयंतीला भीमनगरची पोरं दरवर्षी काहीतरी आणतात. यंदा व्हिडिओ. कलर टीव्ही भाड्यानं, समाजमंदिरासमोर मांडायचा, मिरवणुकीनंतर पिक्चर. कोणता, यावर पोरांचं भांडण चालू होतं तेवढ्यात बायकांनी निकाल लावला. 'सोनघाटी', भाग दुसरा. झुमरी आलेली डोळ्यानं बघायची.

दाजी कमिटीत आहेत. त्यांनीच सांगितलं. वरच्या आळीतल्या बायकाही येणार आहेत. आमच्या वस्तीत. पाटलाच्या सुनेनं सासूसमोर सांगितलंय म्हणे, मी जाणार. दाजी म्हणाले, आमच्या बापानं हे बघितलं न्हाई. आन् कॅसेट तू आणायची, लातूरवाला तूच.

अक्का अंगण झाडत होती. वळून एवढंच म्हणाली, "आता तरी दोघं मिळून बघू."

३ एप्रिल, गुरुवार. लातूर

व्हिडिओच्या दुकानात गेलो. मनात एकच, नसू दे. आहे. नवी कोरी, दुकानदारानं काढून दाखवली, चौदा तारखेसाठी बाजूला काढून ठेवू का म्हणाला. भाग एक पण आहे, दोन्ही घेऊन जा.

सांगतो म्हणून निघून आलो. मिळाली नाही म्हणायचं आणि पहिला भाग न्यायचा, हा एक मार्ग. म्हणजे आणखी एक खोटं, पण निदान शेवटचं. सगळ्या खोट्यांना असंच वाटत असावं.

६ एप्रिल, रविवार. गाव

सांगायला गेलो होतो. सांगितलं ते असं, की कॅसेट मिळणं कठीण दिसतंय. अक्का दळण निवडत होती. हात थांबला नाही. म्हणाली, नसंल मिळत तर राहू दे, पण मी शब्द दिलाय, बायांना तोंड कसं दाखवू ते तेवढं सांग.

चहा न घेता निघालो. एसटीत लातूरपर्यंत उभं राहून आलो, बसायला जागा होती तरी. बसावंसं वाटेना.

१० एप्रिल, गुरुवार. लातूर

शि.ला सगळं सांगितलं. हसेल वाटलं होतं. हसला नाही. म्हणाला, "पिक्चर भंगार असल तर कंपनीची चूक. पण बयनीला आधी सांगून टाक बे. चारचौघांत कळलं तर तिला दुसरा रस्ता न्हाई."

दुसरा रस्ता. त्याला कल्पनाही नव्हती काय बोलून गेला. दुकानात जाऊन दोन्ही कॅसेटी सांगून आलो.

१३ एप्रिल, रविवार. गाव

सांगितलं.

ती समाजमंदिराच्या ओट्याला निळा रंग देत होती, बाकी बायका जेवायला गेल्या होत्या. मी उभ्या उभ्याच बोललो, खाली बघून. झुमरी येत नाही. फोटोला हार आहे. मी बनवून सांगितलं. ऑफिसवाल्यानं काही सांगितलं नाही, मी स्वतः पाहिला.

ब्रश डब्यात ठेवून ती माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, झुमरीचं विचारेल.

"एकटाच बघून आलास?"

शिवलिंग होता, म्हणालो. काय उत्तर हे.

"म्या इथं लायनीत सांगून राहिले, माझ्याबिगर बघणार न्हाई माझा भाऊ. बाकीचं खोटं चाललं असतं, भाऊ. पिक्चरच हाय. हे कशाला?"

म्हणालो, तुझा चेहरा बघून... ती म्हणाली, माझ्या चेहऱ्यावर ढकलू नको. खरं होतं. तिनं पुन्हा ब्रश घेतला. थोड्या वेळानं विचारलं, हार कसला होता? खऱ्या फुलांचा का कागदाचा? आठवेना. चंदनाचा असेल म्हणालो.

पहिला भाग लावू का, अजून वेळ आहे, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "बायांनी जे मागितलं ते लाव. आता मीच कमी केलं तर तुझ्यात न् माझ्यात फरक काय?"

१५ एप्रिल, मंगळवार. सकाळ, एसटीत

हात हलतोय, अक्षर लागत नाही. तरी कालचं लिहून काढतो.

मिरवणूक छान झाली. अंधार पडता टीव्ही मांडला. वरच्या आळीच्या बायका खरंच आल्या, आधी कडेला उभ्या राहिल्या, मग पाटलाची सून सरळ सतरंजीवर अक्काशेजारी बसली, तशा बाकीच्याही बसल्या. दाजी हात जोडून नुसते इकडं तिकडं फिरत होते. मी मशीनजवळ. अक्कानं मला शेजारी बोलावलं नाही.

पिक्चर सुरू. भिंत, फोटो, हार. (कागदी फुलं होती. आता नीट बघितलं.) "वो तो कब की मर गई."

सगळ्या माना अक्काकडं वळल्या. एक तान्हं पोर रडत होतं तेवढाच आवाज. मशीन बंद करावं असं मनात आलं, केलं नाही.

पाटलाची सून टीव्हीकडं बघतच म्हणाली, "त्याला काय ठावं? त्यो तर दोर तुटल्याबरोबर पळाला. खोटं बोलून राहिलाय त्यो."

मागून कुणीतरी हाव म्हणालं. मग दोघी तिघी. मेल्यानं वाट बघितली का, फोटो लावून मोकळा. मग तिनं अक्काला विचारलं, येती न्हवं ती? हळूहळू येती न्हवं?

अक्कानं आधी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "हाव. येती."

अक्काला खोटं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. नांदेडला मामीची बरणी मी फोडली तेव्हासुद्धा ती खोटं बोलली नव्हती, नुसती गप्प राहिली होती. काल माझं खोटं तिनं उचललं, वस्तीसाठी, लायनीसाठी. मी बसून राहिलो.

अडीच तास त्या बायका झुमरीची वाट बघत होत्या. हेलिकॉप्टर आलं, बर्फ आला, गाणी आली, कुणी हललं नाही. दर वेळी दार उघडलं की माना पुढं. शेवटी पाट्या वर सरकायला लागल्या तेव्हा पाटलाची सून उठली, लुगडं झटकलं. म्हणाली, म्हंजे तिसऱ्या भागात येती. बाकीच्यांचं काय झालं कळलं नाही. काही हसत गेल्या, काही नुसत्याच गेल्या. वरच्या आळीतली एक म्हातारी जाताना अक्काकडं बराच वेळ बघत होती. ते बघणं मला आवडलं नाही.

सकाळी पहिल्या गाडीनं निघालो. अक्का फाट्यापर्यंत आली, डोक्यावर घागर, तिथूनच पाराकडं जायचं म्हणून. मी पाया पडायला वाकलो तर म्हणाली, ऱ्हाऊ दे, घागर पडंल.

गाडी दिसली तेव्हा म्हणाली, "ऐतवारी ये. बाया इचारतील, म्होरं काय झालं ते."

रागानं म्हणाली की कसं, कळलं नाही. हात वर करून घागर धरली होती, दंडाआड तोंड दिसत नव्हतं.

गाडीतून मागं वळून बघितलं. पाराजवळ घागरी मांडल्या जात होत्या. एक ओळ की दोन, धुरळ्यात कळेना. कंडक्टरला म्हणणार होतो, जरा थांबवा. म्हणालो नाही.

रविवारी जायचं. काय सांगू