तीन पायांच्या स्टुलाचा खुलासा

प्रिय ताईस,

सप्रेम नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? भाऊजींनाही माझा नमस्कार सांग, आणि या वेळी जरा वाकून सांग.

मी ठीक आहे. मध्यंतरी चार दिवस विचारवंत होतो, तेही आता उतरलं. तुला ठाऊकच आहे, आमच्या ॲनिमेशनच्या स्टुडिओत माणसांची चित्रं काढतात ती हुशार मंडळी. माझ्याकडे कपबश्या, खुर्च्या आणि पायपुसणी. तर नव्या चित्रपटात स्वयंपाकघरातल्या स्टुलाचा एक पाय रेखाटायचाच मी विसरलो. (साठ माणसांनी ते दृश्य तपासलं. कोणाला दिसलं नाही.) एका समीक्षकाला मात्र दिसलं. हे स्टूल म्हणजे घर सोडून गेलेल्या बापाचं प्रतीक, असं त्याने लिहिलं आणि एका कॉलेजने मला व्याख्यानाला बोलावलं.

गप्प बसेन तर तो मी कसला! कपाचा कान डावीकडे म्हणजे विरह, असं ठोकून दिलं. (उजवीकडचा कान मला जमत नाही.) विझलेला दिवा म्हणजे निराशा. (रंगांची फाइल उघडत नव्हती.) लोक वहीत उतरवून घेत होते, त्यामुळे मी आणखीच फुगलो. तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या एका मुलीने शांतपणे विचारलं, "सर, बाप तर परत येत नाही. मग शेवटच्या दृश्यात स्टुलाला चार पाय कसे?"

चौथा पाय खरोखर कोणी बसवला, तेच मला आठवलं. कारण ताई, ते स्टूल मी तुझ्याच स्वयंपाकघरातलं आठवून काढलंय. अकरा वर्षांपूर्वी फळीवरचा बिस्किटांचा डबा काढायला मी त्यावर चढलो आणि त्याचा पाय मोडला. तो तसाच टेकवून मी बाहेर सटकलो. मग भाऊजी चहा घेऊन त्यावर बसले आणि धाडकन आडवे झाले. तेव्हापासून तू त्यांच्या वजनाचा उद्धार करतेस आणि मी शेजारी बसून हसतो. नवा पायही त्यांनीच बसवला. मी नुसतं स्टूल धरलं होतं. लाज वाटते गं. हे सगळं मी माइकवर बोलून गेलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना तेही प्रतीकच वाटलं.

तुझा,
धाकटा

ता. क. : व्याख्यानाचं रेकॉर्डिंग रविवारी इंटरनेटवर येतंय. त्याआधी भाऊजींना तूच सांग. माझी हिंमत नाही.

ता. क. २ : दिग्दर्शकाला पुढच्या चित्रपटासाठी नमुना म्हणून खरं तीन पायांचं स्टूल हवंय. तू पायाला हात लावू नकोस. सगळं ऐकून भाऊजींनी स्वतःच तो उपटून माझ्या नावाने भिरकावला, तर उरलेलं स्टूल पाठवून दे.