सुशीच्या खोक्याची घडी

२ मार्च
छापखान्यातला दिलीप सुशीच्या खोक्यांचे छापील पुठ्ठे टाकून गेला. माझी धाकटी जाऊ लालबागेत जन्मभर दुसऱ्यांच्या नावाने मसाला कुटत आली. आता पाडव्याला स्वतःचं दुकान. खोक्यावर लालभडक मिरची, खाली तिचं नाव. वर चकचकीत प्लास्टिकची फिल्म चढवायची, ते लॅमिनेशन माझ्याच गाळ्यात, माझ्या जुन्या मशीनवर, दुसरीकडे देईल तर बघा!

५ मार्च
नाक कापलं. फिल्म चढवली तर मिरचीवर बुडबुडेच बुडबुडे. घडी घालून बघितली, कडेला फिल्म सुटली. सुशी बघत राहिली. म्हणे, "वयनी, माझ्या मिरचेक फोड इले गे!" हसली, पण डोळे...
दिलीप : "काकू, म्हातारी झाली. उरलेले भिवंडीला नव्या मशीनवर पाठवू."
"कोण रे म्हातारी? मशीन की मी?"
"दोघी."
मेला. जेवण गेलं नाही.

६ मार्च
पुठ्ठ्यावर बोट फिरवलं. बोट लाल! वर पांढरी पावडर, छापताना पुठ्ठे चिकटू नयेत म्हणून उडवतात ती. दिलीपला फोन. "ओल्या अंगावर कोणी साडी नेसतं का रे?" तो हळूच, "घाईत दिले, काकू."
उरलेले गाळ्यात पसरले. पंखे चालू. भिवंडी रद्द.

९ मार्च
शाई सुकली. माझी जुनी सुती साडी फाडली. सुशी नि मी एकेक पुठ्ठा पुसत बसलो, निम्म्या गप्पा सासूबाईंच्या. मशीन हळू, दाब जास्त. पहिला पुठ्ठा बाहेर आला... आरसा! मिरची अशी की बघूनच ठसका लागावा.

११ मार्च
पहिलं खोकं कापून आलं. सुशीने नवी साडी द्यावी तसं दोन्ही हातांनी पुढे केलं. "वयनी, घडी तुमी मोडा."
"नाव तुझं, तू मोड."
"तुमी मोडल्याशिवाय मी दुकान उघडूचंय नाय."
मोडली. कडेवरून नख फिरवलं. पुन्हा फिरवलं. फिल्म जागची हलली नाही! दिलीपच्या नाकासमोर धरलं. "म्हातारी कोण?" कान पकडले त्याने. सुशी गल्लीभर खोकं मिरवून आली.

पाडवा
दुकान उघडलं. गर्दी. खोक्यांची उतरंड उन्हात नुसती झळकत होती. आणि ही बया म्हणते, गरम मसाल्याचं खोकं सोनेरी हवं.
दिलीप : "काकू, सोनेरी शाईवर फिल्म धरत नाही हां."
"तू आधी सुकवून तर आण."
धरेल? बघू. साडीचे तुकडे धुवून वाळत घातलेत.