पाच वर्षांचे आबा

कवठे येमाई,
३ नोव्हेंबर २०२५

चि. राजनंदिनीस धुरपदामावशीचा अर्धा आशीर्वाद. उरलेला तुझं उत्तर बघून.

माझ्या घरी आलीस, माझ्या हातची भाकरी खाल्लीस, आन् जाताना उंबऱ्यावर उभी राहून माझ्या सुनेला सांगून गेलीस की नातवाचं लंगडणं मावशीमुळं हाय! बहिणीची लेक म्हणून गप बसले. दौंडात तू मनाचा दवाखाना मांडलास. गोळी न्हाई, सुई न्हाई, माणूस बोलतं आन् तू ऐकतेस. हे काम आमची शेजारीण अनसाबाई फुकट करते.

तुला काय ठावं न्हाई व्हय? तुझे काका, आमचं मालक, गेले आन् वर्षाच्या आत माझ्या मच्छिंद्रला पोरगा झाला. म्हंजी तेच परत आले. शाळेत रुद्र असल, घरात आबाच. पहिलं ताट त्यांना. सून साधना पोटच्या पोराम्होरं डोक्यावर पदर घेते, एवढं वळण हाय आमच्यात. कांदा कवा विकायचा तेबी त्यांनाच विचारतो, मान हलवत्यात. काका डाव्या पायानं लंगडायचे, हेबी डाव्याच. यात आजार कसला?

पण शिरूरचा डॉक्टर म्हणतो, हाडात काही न्हाई, तरी असंच चाललं तर पाय कायमचा वाकडा पडंल. तवा पत्रच लिहिते. फोनवर बोलले तर सगळी आळी ऐकते. लोभ हाय, पण सध्या रुसलाय.

तुझी धुरपदामावशी

दौंड,
८ नोव्हेंबर

ती. मावशीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ती हसून हसून खाली बसली. अनसाबाई ऐकते आणि सांजेपर्यंत गावाला सांगते. मी पोटात ठेवते, एवढाच फरक.

माझ्याकडे रेल्वेतले येतात, कारखान्यातले शिफ्टवाले येतात. फोनमध्ये शेकडो नंबर, पण मनातलं सांगायला एक माणूस नाही. जे बोलायचं राहून जातं, ते जात नाही गं. कुणाच्या छातीत बसतं, कुणाच्या झोपेत. आणि कधी कधी आपलं दुसऱ्याच्या पायात जाऊन बसतं.

रुद्रनं काकांना पाहिलेलंच नाही. मग ती चाल शिकला कुठून? त्या दिवशी अंगणात तो चांगला पळत होता. तू ओट्यावर आलीस आणि लंगडायला लागला. तू टाळ्या वाजवल्यास, उचलून घेतलंस. आजी कशानं खूश होते, हे त्याला बरोबर कळलंय.

एकच विचारते. काका गेले तेव्हा तू रडली होतीस का?

रागावलीस तरी माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी राजनंदिनी

कवठे येमाई,
१५ नोव्हेंबर

चि. राजनंदिनीस आशीर्वाद. पुरता घे.

तुझं पत्र चुलीत घालाय निघाले हुते. चुलीपाशी बसले आन् ध्यानात आलं, मी रडलेच न्हाई. पाहुण्यारावळ्यांचा सैपाक, दहावा, तेरावा, तेवढ्यात साधनाला दिवस गेल्याचं कळलं. समदी म्हणली, रडू नको, मालक परत येत्यात. मग मी वाटच बघत बसले.

अगं, अशी रडले! गोठ्यात म्हशीच्या गळ्यात पडून. अनसाबाई पळत आली, कोण गेलं म्हणून. म्हणलं, आमचं मालक गेलं. ती म्हणली, त्याला सहा वर्षं झाली. म्हणलं, मला आज कळलं.

मग पोराला हाक मारली, रुद्र! तर तो मागं वळून बघतोय, दुसरं कोण आलंय म्हणून. काल त्यानं माठ फोडला. साधनानं पदर कमरेला खोचला आन् जल्मात पहिल्यांदा त्याच्या पाठीत धपाटा घातला. भोकाड पसरलं आन् पळाला, दोन्ही पायांनी! आज सकाळी माझ्याम्होरं परत लंगडला, पर उजव्या पायानं. हसू दाबलं, तोंड फिरवलं, टाळी वाजवली न्हाई.

पण आता सांग. रुद्र रुद्र झाला, मग आमचं मालक कुठं हायेत? रोजचं पहिलं ताट वाढून हात तसाच थांबतो. ते कुणाम्होरं ठेवू? तुझ्या खोलीत बसून बोलायचं हाय मला, लई साठलंय. शनिवार २२ तारखेपर्यंत कळव, कवा येऊ. न्हाई कळवलंस तर रविवारी भाकरी बांधून दारात हजर. अनसाबाईला यातलं काही सांगायचं न्हाई.

तुझी धुरपदामावशी